एका चिमुकल्या चित्राची वहिवाट

१/ ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असले की पानांची नावे वाचता येत नाहीत. डोळा शोधतो ते नावाआधीचे चिमुकले चित्र. त्याला फॅविकॉन म्हणतात. त्याची मूळ चौकट अवघी १६ × १६ पिक्सेलची. एवढ्याशा जागेवरून वेबच्या जगात अनेक वर्षे वाद चालला. वादाचा विषय मात्र चित्र नव्हता, मालकी होती.

२/ मार्च १९९९. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आणला. त्यात जतन केलेल्या पानांच्या यादीला ‘फेव्हरिट्स’ म्हणत. यादीतील प्रत्येक नावापुढे त्या संकेतस्थळाचे चिन्ह दिसावे, अशी कल्पना निघाली. ‘फेव्हरिट’ आणि ‘आयकॉन’ यांच्या संधीतून ‘फॅविकॉन’ हा शब्द घडला.

३/ योजना सोपी होती. वाचकाने पान जतन केले की ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात ‘फॅविकॉन.आयको’ नावाची फाइल मागत असे. मिळाली तर चित्र, नाही तर नेहमीचे चिन्ह. ‘आयको’ हे विंडोजचेच चिन्हस्वरूप. कोणत्याही प्रमाणसंस्थेला यात आधी विचारलेले नव्हते.

४/ संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना याचा पत्ता लागला तो सर्व्हरच्या नोंदींतून. कोणी कधीच न बनवलेली फाइल पुन्हा पुन्हा मागितली जात होती आणि ‘४०४, सापडली नाही’ अशा ओळी साचत होत्या. दुसरी बाब अधिक गंभीर होती. मागणी पान जतन करतानाच होत असल्याने, कोणत्या आयपी पत्त्यावरून पान जतन झाले हे मालकाला कळू लागले. वाचकाची खाजगी कृती परस्पर नोंदीत उतरत होती.

५/ तत्त्वाचा प्रश्न याहून मोठा होता. वेबच्या रचनेत एक मूलभूत संकेत आहे: ज्याचे डोमेन, त्याच्याच हाती त्याखालील पत्त्यांचा कारभार. कोणत्या पत्त्यावर काय ठेवायचे, हे बाहेरच्याने ठरवायचे नाही. येथे तर एका कंपनीने जगातील प्रत्येक वाड्यातला एक कोनाडा स्वतःच्या उपयोगासाठी परस्पर राखून ठेवला होता.

६/ दोष एकट्या मायक्रोसॉफ्टचा नव्हता. शोधयंत्रांच्या रोबोंसाठीची ‘रोबोट्स.टीएक्सटी’ ही फाइल १९९४ पासून अशाच ठरलेल्या जागी राहत होती. डब्ल्यूथ्रीसी या प्रमाणसंस्थेच्या स्वतःच्या ‘पीथ्रीपी’ या गोपनीयता-प्रमाणानेही २००२ मध्ये असाच एक ठरावीक पत्ता वापरला होता. २००३ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी या तिन्ही उदाहरणांसह हा प्रश्न संस्थेच्या तांत्रिक वास्तुरचना गटापुढे मांडला.

७/ रीतसर मार्ग उपलब्ध होता. एचटीएमएलमधील ‘लिंक’ या टॅगने पान स्वतःच सांगू शकते की आपले चिन्ह अमुक पत्त्यावर आहे. यात नाव, जागा आणि स्वरूप ठरवण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. इंटरनेट एक्स्प्लोररही हा टॅग ओळखत असे, पण ‘शॉर्टकट आयकॉन’ या शब्दांनी. नियमानुसार जागा सोडून लिहिलेले ते दोन वेगळे शब्द ठरतात, आणि त्यांतला पहिला निरर्थक. इतर ब्राउझरांनी नुसता ‘आयकॉन’ स्वीकारला.

८/ २००५ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने मार्गदर्शन प्रसिद्ध केले: टॅग वापरा, ठरावीक जागेवर विसंबू नका. तरीही ब्राउझर ती फाइल मागतच राहिले. कारण उघड होते. असंख्य संकेतस्थळांनी तोवर तेथे चित्र ठेवले होते. जो ब्राउझर मागणे थांबवेल त्याच्याच पडद्यावर ती स्थळे चिन्हाविना दिसणार, आणि वाचक दोष देणार तो त्या ब्राउझरला. पहिले पाऊल कोण उचलणार?

९/ २००८ मध्ये ॲपलने तोच कित्ता गिरवला. आयफोनच्या मुख्य पडद्यावर संकेतस्थळ ठेवण्याची सोय आली आणि ‘ॲपल-टच-आयकॉन’ नावाची आणखी एक फाइल मूळ फोल्डरात मागितली जाऊ लागली. अखेर २०१० मध्ये आरएफसी ५७८५ ने तोडगा काढला: अशा सर्व फायलींसाठी ‘.वेल-नोन’ हा एकच राखीव कोनाडा. नव्या योजना तेथे गेल्या. फॅविकॉन मात्र जागचा हलला नाही.

१०/ दरम्यान प्रमाण लिहिण्याची दृष्टीच बदलत होती. २००४ मध्ये ब्राउझर-निर्मात्यांच्या पुढाकाराने व्हॉटडब्ल्यूजी हा गट स्थापन झाला. ब्राउझर प्रत्यक्षात जे करतात ते प्रमाणात नेमके लिहावे, हा त्यांचा आग्रह. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल ५ अधिकृत शिफारस झाली. पानाने चिन्ह सांगितले नसेल, तर मूळ जागी ‘फॅविकॉन.आयको’ शोधण्याची मुभा तीत लिहिलेली होती. ‘शॉर्टकट’ हा निरर्थक शब्दही चालवून घेतला गेला. पंधरा वर्षांच्या वहिवाटीचा असा कायदा झाला.

११/ चित्राचा गैरवापरही झाला. फॅविकॉन पत्त्याच्या पट्टीत दिसत असे. तेथे कुलपाचे चित्र ठेवले की असुरक्षित पानही सुरक्षित भासे. म्हणून जुलै २०१२ मध्ये फायरफॉक्स १४ ने ते पत्त्याच्या पट्टीतून काढून केवळ टॅबवर ठेवले.

१२/ मग आला रंग. ब्राउझरची चौकट संकेतस्थळाच्या रंगात दिसावी, ही हौस प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने पुरवली. इंटरनेट एक्स्प्लोरर ९ मध्ये बटणांच्या रंगासाठी एक मेटा टॅग, विंडोज ८ मध्ये टाइलच्या रंगासाठी दुसरा, ॲपलचा स्टेटस बारसाठी तिसरा. २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइडवरील क्रोम ३९ ने ‘थीम-कलर’ आणला. त्या नावात कोणत्याही कंपनीची मुद्रा नव्हती. तो एचटीएमएलच्या प्रमाणात गेला आणि २०२१ मध्ये सफारी १५ नेही स्वीकारला.

१३/ येथे फॅविकॉनचा धडा कामी आलेला दिसतो. रंग पान स्वतः सांगते. कोणतीही फाइल परस्पर मागितली जात नाही. प्रमाणाच्या लेखी तो रंग म्हणजे केवळ सूचना. ती मानायची की नाही, हे ब्राउझर ठरवतो. सफारीने तर रंग बंद करण्याची सोय वाचकाच्याच हाती दिली.

१४/ आजही एखादे नवे संकेतस्थळ सुरू होते, त्यात चिन्हाचा टॅग नसतो, आणि सर्व्हरच्या पहिल्या काही नोंदींतच एक ओळ उमटते: ‘फॅविकॉन.आयको, ४०४.’ १९९९ मध्ये एका कंपनीने निवडलेले ते नाव आज साऱ्या जगाचे ब्राउझर विचारतात.