शाळेच्या वाट्याचा आणा : शिक्षण उपकराची कुळकथा

मुलांना कर म्हणजे काय हे सांगायचं असेल, तर आयकरापासून सुरुवात करू नये. घरपट्टीची पावती समोर ठेवावी. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या घराची पट्टी ५,००० रुपये असेल, तर तिच्यावर ६ टक्के ग्रंथालय उपकर बसतो, म्हणजे ३०० रुपये. मुलगी वाचनालयातून गोष्टीचं पुस्तक आणते, त्यात तिच्या आईबाबांचेही पैसे आहेत. सगळ्या करांत उपकर मुलांना लवकर कळतो, कारण तो कशासाठी घेतला हे त्याच्या नावातच असतं. आणि पैसे खरंच तिथे पोचले का, हे विचारायची सोयही त्यातच असते.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. लोक त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. आण्याच्या बारा पई. त्यांतल्या आठ रस्त्यांसारख्या कामांना, चार शाळांना. या चार पईंतून खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या खऱ्या, पण आणा भरणाऱ्या कुणब्याचं पोर बहुधा गुरांमागेच राहिलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच मांडलं : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. लोकल फंडाचा निदान अर्धा वाटा केवळ प्राथमिक शिक्षणाला द्या, आणि बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा, असं त्यांचं मागणं होतं. कर कोण भरतो आणि तो कोणावर खर्च होतो, याचा हिशेब इतक्या स्पष्टपणे मागणारं दुसरं निवेदन त्या काळात मला दिसत नाही.

पुढची पायरी गोपाळ कृष्ण गोखल्यांची. मिठावरचा कर कमी करा म्हणून १९०२च्या अंदाजपत्रकावर तडाखेबंद भाषण करणाऱ्या गोखल्यांनी १९११च्या मार्चमध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यात नवा कर बसवण्याची मुभा मागितली. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करायची, खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलायचा, आणि उरलेल्यासाठी नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला शिक्षणकर लावता यावा. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घराला फी माफ. मिठाचा कर गरिबाच्या ताटातून जातो आणि शाळेचा कर त्याच्या मुलाकडे परत येतो, म्हणून मला या दोन भूमिकांत विसंगती वाटत नाही. बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण १९०६ साली संस्थानभर लागू केलंच होतं, तेव्हा हे जमणार नाही असं म्हणायला जागा नव्हती. तरी १९१२च्या मार्चमध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

ज्या बसवनगुडीपासून सुरुवात केली, तिच्याशीही गोखल्यांचं नातं आहे. डी. व्ही. गुंडप्पा, कन्नडिगांचे डीव्हीजी, यांनी १९४५ साली बंगळुरात लोकशिक्षणासाठी संस्था काढली आणि तिला गोखल्यांचं नाव दिलं. बुल टेम्पल रोडवरची ही गोखले संस्था आजही चालते. बंगळूरच्या मराठी घरातल्या मुलांना तिथे जरूर न्यावं आणि हे नाव इथे कसं आलं ते सांगावं.

विधेयक पडलं, पण कल्पना टिकली. महाराष्ट्राने १९६२ साली शिक्षण उपकराचा कायदा केला. केंद्राने २००४ साली करावर २ टक्के शिक्षण उपकर बसवला, २००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. आणि २०१८पासून आयकरावर आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के घेतले जातात. तो २००७चा एक टक्का जिथे साठवायचा, त्या स्वतंत्र निधीला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७मध्ये. मधली दहा वर्षं उपकर भरला जात होता.