पुस्तकांवर पडलेला छापा

१० एप्रिल १९८४. लंडनच्या मार्चमाँट स्ट्रीटवरच्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात कस्टमचे अधिकारी शिरले आणि पुस्तकं गोळा करायला लागले. जप्त झालेल्या लेखकांत टेनेसी विल्यम्स, गोर विडाल, क्रिस्टोफर इशरवुड आणि ज्याँ जने होते.

दुकानाचं नाव 'गेज द वर्ड'. ते सुरू झालं जानेवारी १९७९मध्ये. इंग्लंडमध्ये दोन पुरुषांमधले खासगीतले संबंध १९६७ साली गुन्हा राहिले नव्हते, तेही दोघं २१ वर्षांचे असतील तरच. पण कायदा बदलला म्हणून नेहमीच्या दुकानात लगेच कपाट मिळत नाही. अशी बरीच पुस्तकं अमेरिकेतून मागवावी लागायची.

मेख तिथेच होती. देशात छापलेल्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, तर १९५९च्या कायद्यानुसार 'हे साहित्य आहे' असा बचाव करता यायचा. बाहेरून आलेल्या पुस्तकाला मात्र १८७६चा कस्टम कायदा लागायचा. त्यात असा बचावच नव्हता.

दुकानाच्या संचालकांवर खटला भरला गेला. वाचकांनी आणि लेखकांनी बचावासाठी निधी उभा केला. विडाल यांनीही पैसे दिले. शेवटी १९८६मध्ये आरोप मागे घेतले गेले.

खटल्याचं सावट असतानाच याच दुकानात आणखी एक गोष्ट घडत होती. 'लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स' या गटाच्या बैठका पुस्तकांच्या कपाटांमध्ये भरायच्या. ही मुलंमुली बादल्या घेऊन वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांसाठी पैसे जमवायची. संप फसला. पण १९८५च्या लंडन प्राइड मोर्चात खाणकामगार आपले फलक घेऊन सामील झाले. 'प्राइड' (२०१४) हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर हे दुकान तुम्हाला आठवेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आता सगळं फोनवर मिळतं, मग दुकान कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. पण सर्च करायला आधी शब्द माहीत असावा लागतो. सतराव्या वर्षी माझ्याकडे स्वतःसाठी एक शिवी सोडून दुसरा शब्दच नव्हता. फोनवर मी एकटाच शोधत होतो, आणि नंतर हिस्टरी पुसत होतो.

दुकानात शब्द लागत नाही. दार ढकलायचं आणि कपाटासमोर उभं राहायचं. शेजारी आणखी कुणीतरी पुस्तक चाळत उभं असतं.

'गेज द वर्ड' आजही मार्चमाँट स्ट्रीटवर उघडं आहे.