गोळी देण्याआधी एक मिनिट

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाबरोबर एक नियम शिकवतात. गोळी देण्यापूर्वी छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे. प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी भरले, तर गोळी न देता डॉक्टरांना कळवायचे. नियम पाठ करायला सोपा आहे, पण त्याचे कारण अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते.

१७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरांना झाडपाल्याच्या एका औषधाविषयी मत विचारण्यात आले. अंगावर सूज येऊन पाणी साचलेले रुग्ण श्रॉपशरमधील एक म्हातारी त्याने बरे करीत असे. (तिचे नाव 'मदर हटन' असे सांगतात, पण ते विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आले आहे!) औषधात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचे जाणकार असल्याने त्यांतील गुणकारी वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हे त्यांनी ओळखले.

खरी अडचण पुढेच होती. ही वनस्पती विषारी. पान कोणत्या ऋतूत तोडले, काढा किती उकळला, यावर तिची तीव्रता बदले. विदरिंग यांनी फुलोऱ्याच्या वेळची पाने वाळवून त्यांची पूड वापरायला सुरुवात केली आणि मात्रा एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा, इतकी खाली आणली. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) तरीही एकाला मानवलेली मात्रा दुसऱ्याला जड जाई. तेव्हा, लघवी, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवावे, असे त्यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. त्यात त्यांच्या १६३ रुग्णांच्या हकिकती आहेत, आणि ज्यांना गुण आला नाही तेही वगळलेले नाहीत. मला तो ग्रंथ मोठा वाटतो तो यामुळे. जास्त मात्रेची लक्षणेही त्यांनी नोंदवली: उलट्या, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे, शेवटी मृत्यू.

३५ हा आकडा लिहिता आला, कारण नाडी घड्याळावर मोजण्याची कल्पना तोवर रुजू लागली होती. लिचफील्डच्या जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये खास नाडीसाठी एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचे वर्णन छापले होते.

हे औषध हृदयाच्या पेशींमधील सोडियम-पोटॅशियम पंप रोखते. त्यामुळे पेशींत कॅल्शियम वाढून आकुंचन जोरकस होते. शिवाय वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे संदेश मंदावतात. ठोके अनियमित असतील तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून छातीवर मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणेही अशा वेळी फसवते.

१९३० मध्ये शुद्ध डिगॉक्सिन वेगळे काढण्यात आले. आता वजन केले की काम झाले, असे वाटणे साहजिक होते. पण १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी दाखवले, की सारख्याच मात्रेच्या वेगवेगळ्या गोळ्यांनी रक्तातील पातळीत सातपटींपर्यंत फरक पडतो. पुढे गोळी विरघळण्याचे निकष कडक झाले. रुग्णारुग्णांतील फरक मात्र राहिला. मूत्रपिंडे थकलेल्या वृद्धांत औषध साचते. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घटले, तर नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते.

ठोके ६० च्या वर असले तरी बाधा झालेली असू शकते. म्हणून भूक, मळमळ आणि दृष्टी यांचीही चौकशी करायची असते. वयस्क रुग्ण पुष्कळदा फक्त जेवण टाकतो, तक्रार करीत नाही. आणि ताट तसेच परत गेले, हे डॉक्टरांच्या आधी परिचारिकेच्या लक्षात येते.