मिसेस बीटनचा संसार कोणाच्या पैशांवर चालत होता?

#थ्रेड

१/ कडेवर मूल, अंगावर सुती झगा, खिडकीतून येणारे कोवळे ऊन आणि ओट्यावर घरी भाजलेला पाव. विशी-पंचविशीतील 'पूर्णवेळ गृहिणी' मातांची अशी खाती आज लाखो लोक पाहतात. या नोकरी करत नाहीत, तरीही घरात सुबत्ता दिसते. हा खर्च भागतो कसा? उत्तर शोधण्यासाठी १८६१ सालच्या लंडनमध्ये जाऊ या.

२/ त्या वर्षी 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' हा अकराशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रकाशित झाला. पाककृती, बालसंगोपन, रुग्णशुश्रूषा, नोकरांची कामे असे सारे काही त्यात होते. पहिल्याच वर्षी सुमारे ६०,००० प्रती खपल्या. लेखिका: मिसेस बीटन. वाचकांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती अनेक पावसाळे पाहिलेली प्रौढ गृहिणी.

३/ प्रत्यक्षात इझाबेला बीटन तेव्हा अवघी २५ वर्षांची होती. १८५६ मध्ये तिचा विवाह सॅम्युअल बीटन या तरुण प्रकाशकाशी झाला. तो १८५२ पासून 'इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन' हे दोन पेन्स किमतीचे मासिक चालवत होता. १८५७ च्या वसंतात इझाबेला त्यात लिहू लागली, तेव्हा तिच्या संसाराला वर्षही झाले नव्हते.

४/ मग इतक्या पाककृती आल्या कुठून? वाचकांच्या पत्रांतून आणि जुन्या पुस्तकांतून. एलायझा ॲक्टन हिच्या १८४५ च्या ग्रंथातूनही तिने बरेच काही उचलले. इझाबेलाचे खरे कौशल्य संपादनाचे होते. साहित्य, प्रमाण, लागणारा वेळ, अंदाजे खर्च, किती जणांना पुरेल: हे सारे तिने एका ठरावीक साच्यात बसवले.

५/ घर हेच स्त्रीचे साम्राज्य, असे सांगणारी ही स्त्री स्वतः पतीबरोबर आगगाडीने लंडनच्या कचेरीत जाऊन मासिकाचे काम पाहत असे. १८६० मध्ये दोघे पॅरिसला गेले आणि तिथल्या वेशभूषेची रंगीत चित्रे मासिकासाठी मिळवून आले. सोबत कपडे बेतण्याचे नमुने देण्यात येऊ लागले. नव्या रूपातील मासिकाची किंमत सहा पेन्स झाली.

६/ इथे पहिले उत्तर मिळते. बीटन कुटुंबाचे उत्पन्न आदर्श घराचे चित्र विकण्यातून येत होते. चित्रातील गृहिणीला मिळकत नव्हती. ते चित्र रेखाटणारी मात्र दिवसभर राबत होती.

७/ दुसरे उत्तर त्या ग्रंथातच छापलेले आहे. कोणत्या उत्पन्नाच्या घराने किती नोकर ठेवावेत, याचे कोष्टक त्यात आहे. वार्षिक १,००० पौंड असतील तर स्वयंपाकीण, दोन घरकामाच्या मोलकरणी, मुलांची दाई आणि एक पुरुष नोकर असे पाच जण. १५० ते २०० पौंडांच्या घरातही सर्व कामे करणारी एक मोलकरीण गृहीत धरलेली होती. तिचा वर्षाचा पगार दहा-बारा पौंडांच्या आसपास. मालकिणीची फुरसत ही त्या मुलीच्या पहाटेपासूनच्या कष्टांवर उभी होती.

८/ आता तिसरा प्रश्न: कमाई कोणाची? इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यानुसार विवाहित स्त्रीची कमाई पतीची मालमत्ता ठरे. स्वतःच्या मिळकतीवर तिला हक्क देणारा कायदा १८७० मध्ये आला. तोपर्यंत इझाबेला हयात नव्हती.

९/ तिचा पहिला मुलगा काही महिन्यांचा असताना दगावला, दुसरा तीन वर्षांचा होऊन गेला. चौथ्या मुलाच्या जन्मानंतर आठवड्याभरात, ६ फेब्रुवारी १८६५ रोजी, बाळंतज्वराने तिचा मृत्यू झाला. वय २८. लाखो घरांना बालसंगोपन शिकवणाऱ्या त्या पानांवर यातले काहीच दिसत नाही.

१०/ १८६६ मध्ये ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली. तिच्याबरोबर सॅम्युअलही आर्थिक संकटात सापडला आणि त्याने हक्क दुसऱ्या प्रकाशनसंस्थेला विकले. तिच्या नावाने नवनव्या, वाढीव आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या. लेखिका गेली होती, 'मिसेस बीटन' हे नाव मात्र कमावतच राहिले.

११/ आता आजच्या खात्यांकडे पाहा. मार्ग नवे, ताळेबंद ओळखीचा. जाहिरातींतील वाटा, कंपन्यांचे मानधन, दिलेल्या दुव्यावरून झालेल्या खरेदीचे कमिशन, स्वतःची उत्पादने. अमेरिकेतील यूटा राज्यातील 'बॅलेरिना फार्म' हे या प्रकारातील गाजलेले नाव. हॅना नीलमन आणि तिचा पती तिथे शेतीबरोबरच मांस, पीठ इत्यादींचा विक्रीव्यवसाय चालवतात. तिचे सासरे डेव्हिड नीलमन हे जेटब्लू या विमान कंपनीचे संस्थापक आहेत.

१२/ यात फसवणूकच असते असे नाही. चित्रीकरण, संकलन, विक्री हे खरेखुरे श्रम आहेत. धोका वेगळा आहे. ते पाहून एखादी तरुणी नोकरी सोडते आणि एका पगारात तसाच संसार मांडू पाहते. तो जमला नाही की दोष स्वतःला देते. ज्या घराशी ती आपली तुलना करते, ते एका पगारावर चाललेलेच नसते.

१३/ म्हणून आदर्श घराचे कोणतेही चित्र, छापील असो वा पडद्यावरचे, समोर आले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. पैसा कुठून आला? चौकटीबाहेर कोण राबते आहे? आणि मिळकत कोणाच्या नावावर जमा होते? इझाबेलाच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या बाजूने नव्हते. आज ते तसे असेलच, हे गृहीत धरू नका.

थ्रेड समाप्त. आपल्या घरातील जुनी पाककृतींची पुस्तके या तीन प्रश्नांसह पुन्हा उघडून पाहा, आणि काय सापडले ते खाली अवश्य लिहा.