स्पर्श कातडीवर होतो की डोक्यात? व्हीआर हेडसेट ते सेवाग्राम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. विषय आहे व्हीआरमधला स्पर्श. डोळ्यांवर हेडसेट आहे, समोर कुणाचा तरी अवतार उभा आहे आणि त्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तर नेमकं काय होतं? आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे उत्तर शोधायला आपण जाणार आहोत वर्ध्याला. जरा धीर धरा, संबंध लागतो.

आधी माझ्या कामातली गोष्ट. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. कोडमध्ये स्पर्श म्हणजे फार किरकोळ प्रकार असतो. प्रत्येक अवताराभोवती एक न दिसणारा आकार असतो, त्याला कोलायडर म्हणतात. दोन कोलायडर एकमेकांत शिरले की प्रोग्रामला कळतं, धडक झाली. मग हातातला कंट्रोलर थरथरवायचा की नाही, ते आपण ठरवायचं. खांद्याला, पाठीला, डोक्याला काहीच लागत नाही. लागणार तरी कसं? तिथे काही नाहीच.

पण माणसाचा मेंदू कोड वाचत नाही. व्हीआरचॅटवर लोक एकमेकांच्या अवताराच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि अनेकांना खऱ्या डोक्याला मुंग्या आल्यासारखं वाटतं. याला ‘फँटम टच’ म्हणतात. जर्मनीतल्या बोखुम इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर प्रयोग छापला. लोकांनी व्हीआरमध्ये स्वतःच्या आभासी हाताला आभासी काठी लावली आणि बहुतेकांना खऱ्या हातावर काहीतरी जाणवलं.

याची मुळं आणखी जुनी आहेत. १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात पडद्याआड, समोर रबराचा हात. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला, तर थोड्याच वेळात त्या माणसाला रबराचा हात आपलाच वाटायला लागतो. म्हणजे ‘हे माझं शरीर’ हे मेंदू दर क्षणी नव्यानं ठरवत असतो. अवतारही त्यात सहज बसतो.

आता हे नेहमी गोड नसतं. २०१६ मध्ये एका महिलेनं लिहिलं, की धनुष्यबाणाच्या व्हीआर गेममध्ये एक अनोळखी खेळाडू तिच्या अवताराच्या छातीला हात लावत पाठलाग करत राहिला. पुष्कळांची प्रतिक्रिया होती, ‘अगं, खरं थोडीच झालं? हेडसेट काढायचा!’ पण तिला बसलेला धक्का खरा होता. पुढे मेटाच्या होरायझन वर्ल्ड्समध्येही अशीच तक्रार आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीनं प्रत्येक अवताराभोवती अदृश्य कुंपण घातलं. दोन अवतारांमध्ये साधारण चार फूट अंतर, त्याच्या आत कुणी येऊ शकत नव्हतं. नंतर ही सेटिंग बदलण्याची सोय वापरणाऱ्यांना दिली.

थोडक्यात, व्हीआरमध्ये कातडीला काही लागत नाही, तरी जाणवतं. आता याच्या बरोब्बर उलटा असलेला एक आजार बघा. कातडीला लागतं, पण जाणवत नाही. कुष्ठरोग. याचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि चट्टा आलेली जागा बधिर होते. डॉक्टर तपासताना सांगतात, ‘डोळे मिटा आणि कापूस कुठे लागला ते बोटानं दाखवा.’ रोगाचा जंतू हॅन्सननं १८७३ मध्ये शोधला होता, पण खात्रीचे उपचार यायला पुढची अनेक दशकं गेली. तोवर रोगी दोन्हीकडून स्पर्श गमावायचा. रोग त्याची संवेदना न्यायचा आणि समाज त्याला शिवेनासा व्हायचा.

इथे वर्धा येतं. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. त्याच वर्षी गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. १९३९ मध्ये तिथे आले परचुरे शास्त्री. संस्कृतचे पंडित, येरवडा तुरुंगात राहून आलेले, आणि आता कुष्ठरोगी. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. त्याचा फोटो तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. परचुरे कुटी आजही आश्रमात उभी आहे, सेवाग्रामला गेलात तर नक्की बघा.

आता माझ्या कोलायडरच्या हिशेबानं विचार करा. बधिर कातडीवर कुणी हात फिरवला, तर सिग्नल जवळपास शून्य. मग त्या मालिशीला काही अर्थ नव्हता का? कुणीच तसं म्हणणार नाही. ज्याच्यापासून लोक दूर पळत होते, त्याच्याजवळ एक माणूस रोज बसत होता. कातडीला कळो न कळो, माणसाला ते कळतं. व्हीआरमधला फँटम टच आणि सेवाग्रामची मालिश एकच सांगतात. स्पर्श म्हणजे समोरचा मला काय समजतो, याचा निरोप.

म्हणूनच अंतर हाही एक निरोप असतो. वर्ध्यातच जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. तोवर दाराबाहेर एक रेघ होती. ती दिसत नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. ती रेघ ज्यांच्यावर होती, त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

मला वाटतं, व्हीआरवाल्यांनी खरं शिकायचं ते इथून. मेटाचं चार फुटांचं कुंपण आणि अस्पृश्यतेची रेघ दुरून सारखीच दिसतात. दोन्हींत अंतर आहे, दोन्ही अदृश्य आहेत. फरक एवढाच, की रेघ कोण मारतं आणि पुसायचा हक्क कुणाला आहे. मी माझ्याभोवती वर्तुळ काढलं, तर ती माझी मोकळीक. दुसऱ्यानं मला न विचारता माझ्याभोवती काढलं, तर तो बहिष्कार. आणि माझं वर्तुळ न विचारता कुणी ओलांडलं, तर तो हल्ला, भले मग कंट्रोलर थरथरला नसला तरी.

रेघ पुसायला वेळही फार लागतो. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा आपण रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून गेलं २०१९ मध्ये. आणि आजार पूर्ण बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धत मात्र १९८२ पासून होती! गोळी आधी आली, कायदा नंतर सुधारला, आणि मनं अजून सुधारतायत.

व्हीआरची दुनिया अजून नवी आहे. तिचे नियम आत्ता लिहिले जातायत, आणि ते लिहिणारे बरेचसे माझ्यासारखेच आहेत, पंचविशी-तिशीतले, लॅपटॉपसमोर बसलेले. अंतर किती फुटांचं ठेवायचं ही एका ओळीची सेटिंग आहे, पाच मिनिटांचं काम. ती सेटिंग कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न मात्र वर्ध्यात शंभर वर्षांपूर्वीही हाच होता.

तुम्हाला व्हीआरमध्ये असं काही जाणवलंय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.