मोहेंजोदडोचे सांगाडे आणि इंद्रावरचा आरोप

आर्यांनी स्वारी करून मोहेंजोदडो उद्ध्वस्त केलं, हे शाळेत मीही पाठ केलं होतं. तुमच्यापैकीही अनेकांनी केलं असेल. आज त्याचा पुरावा तपासूया.

ही गोष्ट रूढ झाली ती मॉर्टिमर व्हीलर यांच्यामुळे. ते तेव्हा पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. 1946 साली त्यांनी हडप्पाला तटबंदी खणून काढली. ऋग्वेदातला इंद्र ‘पुरंदर’, म्हणजे पुरं फोडणारा. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत आणि घरांत आधीच सांगाडे सापडले होते. व्हीलरनी हे धागे जोडले आणि 1947 साली इंद्राला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

1964 साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी हा खटला पुन्हा उघडला. त्यांचे प्रश्न साधे होते. शहर लुटलं गेलं, तर शेवटच्या वस्तीवर राखेचा सलग थर कुठे आहे? मोडकी शस्त्रं कुठे आहेत? लढाई तटाशी व्हायला हवी. मग बालेकिल्ल्यावर एकही सांगाडा का नाही, सगळे खालच्या वस्तीतच कसे? सांगाडे होते अवघे तीसचाळीस, तेही सगळे एकाच वेळचे नव्हेत. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली. जीवघेणी म्हणता येईल अशी जखम जेमतेम एखाददुसऱ्या कवटीवर होती.

याउलट सिंधूपलीकडच्या कोट दिजीला या. तिथे हडप्पापूर्व वस्ती आणि तिच्यावरची हडप्पाकालीन वस्ती यांच्यामध्ये जळिताचा जाड थर आहे. आग लागली हे नक्की. पण ती शत्रूने लावली, चुलीतून पसरली, की लोकांनी स्वतःच जुनं जाळलं, हे राख सांगत नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो, की थर काय सांगतो ते आधी लिहावं आणि आपल्याला काय वाटतं ते नंतर.

मग शहरं ओस का पडली? इसवी सनपूर्व 1900च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, नद्या बदलल्या, व्यापार आटला, लोक पांगले. प्रवरेकाठच्या दायमाबादलाही उत्तर हडप्पाकालीन थर सापडला आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. कत्तल झाली नाही, यावरून बाहेरून कुणी आलंच नाही, असं सिद्ध होत नाही. स्थलांतराचा प्रश्न वेगळा आहे. त्याला भाषेचे आणि प्राचीन डीएनएचे पुरावे लागतात. आज दोन्ही बाजूंचे लोक हेच सांगाडे आपापल्या साक्षीला उभे करतात. पण चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी आपल्या भांडणात साक्ष द्यायचं कधी कबूल केलं होतं?