मुख्य मैफलीआधीचा अर्धा तास

रॉक मैफलीच्या तिकिटावर एक नाव ठळक अक्षरांत असते आणि त्याखाली, बहुधा बारीक टाइपात, दुसरे. हे दुसरे नाव सलामीच्या बँडचे, म्हणजेच ‘ओपनिंग अ‍ॅक्ट’चे. प्रेक्षक गाडी लावत असतात, खाद्यपदार्थांच्या रांगेत असतात किंवा आपली जागा शोधत असतात, तेवढ्यात हा बँड वाजवून मोकळाही होतो. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवांतही तरुण कलावंत आधी आणि बुजुर्ग शेवटी असा क्रम रूढ आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता पंडित भीमसेन जोशी यांच्या गायनाने होण्याचा प्रघात कित्येक वर्षे होता. परंतु तेथे आधी गाणाऱ्यालाही जाणकार श्रोता मिळतो. क्रिकेटमधला सलामीचा फलंदाजही आपल्याच संघाच्या डावाची सुरुवात करतो. रॉकमधील सलामीच्या बँडसाठी मात्र मंच, दिवे, ध्वनियंत्रणा आणि श्रोते असे सारेच दुसऱ्याचे असते.

या व्यवस्थेचा सर्वाधिक भार कोणावर पडतो, असे विचारले तर उत्तर एकच येईल : ड्रमरवर. गायक हात हलवीत मंचावर येऊ शकतो. गिटारवादक पेटी उघडून दोन मिनिटांत सज्ज होतो. तबलजीही आपली जोडी पिशवीतून आणतो आणि हातोडीने चार ठोके देऊन सुरात येतो. ड्रमरचे वाद्य मात्र एक वाद्य नसून वाद्यांचे बिऱ्हाड असते. बास ड्रम, स्नेअर, दोन-तीन टॉमटॉम, हाय-हॅट, तीन-चार झांजा आणि हे सारे उभे करणारे लोखंडी सांगाडे. हे बिऱ्हाड मांडायला आणि आवरायला जो वेळ लागतो, त्यावरच सलामीचा बँड वेळेत सुरू होणार की नाही आणि वेळेत मंच सोडणार की नाही, हे ठरते.

फिरत्या बँडच्या दिवसाची सुरुवात मैफलीच्या शहरात होत नाही, ती महामार्गावर होते. मुख्य बँड रात्री झोपण्याची सोय असलेल्या बसमधून प्रवास करतो आणि त्याचे सामान ट्रकने पुढे गेलेले असते. सलामीचा बँड बहुधा एका व्हॅनमधून, मागे सामानाची गाडी जोडून, स्वतःच आळीपाळीने चालवीत येतो. अमेरिकेतील दौऱ्यात दोन शहरांमधील अंतर पाचशे-सहाशे किलोमीटर असणे ही नवलाची गोष्ट नाही. रात्री अकरापर्यंत हातापायांनी घाम गाळलेला ड्रमर पहाटे तीनला सुकाणूवर असतो, हे चित्र रोमहर्षक वाटले तरी त्यात रोमांच फारसा नसतो, जागरणच अधिक.

दुपारी सभागृहात पोहोचल्यावर सुरू होते ती प्रतीक्षा. मुख्य बँडचे कर्मचारी सकाळपासून दिवे टांगत आणि ध्वनिक्षेपक रचत असतात. ‘साऊंड चेक’ म्हणजे ध्वनिचाचणीचा क्रम मैफलीच्या क्रमाच्या नेमका उलटा असतो. मुख्य बँड आधी, सलामीचा बँड शेवटी. यात मानापमानाचा प्रश्न नाही, कारण व्यावहारिक आहे. जो आधी वाजवणार, त्याचीच मांडणी प्रेक्षक आत येताना मंचावर तयार राहिली पाहिजे. पण याचा परिणाम असा, की मुख्य बँडची चाचणी लांबली, एखादी केबल नादुरुस्त निघाली किंवा ट्रक उशिरा आला, तर कापला जातो तो सलामीच्या बँडचाच वेळ. दरवाजे उघडण्याची वेळ हलत नाही. मग तासाची चाचणी दहा मिनिटांवर येते. कधी ती होतच नाही आणि प्रत्येक मायक्रोफोन चालू आहे एवढीच खात्री करून बँडला मंचावर ढकलले जाते.

मुख्य ड्रमरचा संच उंच चौथऱ्यावर काळ्या कापडाखाली झाकलेला असतो. त्याला हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. पाहुण्या ड्रमरने आपला संच त्याच्या पुढे, मंचाच्या उरलेल्या पट्टीत मांडायचा. अशा वेळी उपयोगी पडतो तो एक जुनाट गालिचा. पाय मारताना बास ड्रम पुढे सरकू नये म्हणून ड्रमर गालिचा अंथरतात, हे त्याचे उघड काम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यावर रंगीत चिकटपट्ट्यांनी प्रत्येक पायाची जागा आखलेली असते. गालिचा उलगडला, की कोणता स्टँड कोठे उभा राहणार याचा विचार करावा लागत नाही. नवख्या आणि मुरलेल्या ड्रमरमधला फरक वादनात दिसण्याआधी या गालिच्यावर दिसतो, असे म्हणायला हरकत नाही.

काही दौऱ्यांत मोठे ड्रम भाड्याचे मिळतात. तरीही स्नेअर, झांजा, पायाचे पेडल आणि बैठक या चार गोष्टी ड्रमरने स्वतःच्या आणायच्या असा संकेत आहे. झिजणाऱ्या, फुटणाऱ्या आणि वादकाच्या हातापायाला बसलेल्या वस्तू म्हणजे याच. झांजेला तडा गेला तर दुसरी त्याच्याच खिशातून येते.

ध्वनीची वाटणीही सारखी नसते. मुख्य ड्रमरच्या संचाला दहा-बारा मायक्रोफोन असतील, तर पाहुण्याला अनेकदा चार-पाचांवर भागवावे लागते. शिवाय रिकाम्या सभागृहात जो नाद घुमत असतो, तो माणसे भरल्यावर बदलतो. कपडे आणि शरीरे तीव्र स्वर शोषून घेतात. सायंकाळी पाचला जुळवलेला स्नेअर साडेसातला वेगळाच वाजतो. मुख्य बँडच्या तंत्रज्ञाला हा बदल तपासायला सबंध सलामीचा वेळ मिळतो. सलामीच्या ड्रमरला पहिल्या गाण्याच्या पहिल्या चार मात्रा मिळतात.

या जीवनाचे एक अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे कॅनडातील ‘रश’ या बँडचा ड्रमर नील पिअर्ट. बँडचा आधीचा ड्रमर जॉन रट्सी बाहेर पडल्यावर २९ जुलै १९७४ रोजी पिअर्टची निवड झाली. पहिला अमेरिकी दौरा तोंडावर होता. बँडने कंपनीकडून मिळालेल्या आगाऊ रकमेतून नवी वाद्ये घेतली, त्यात पिअर्टचा चंदेरी स्लिंगरलँड संचही होता. अवघ्या सोळा दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी, पिट्सबर्गच्या सिव्हिक अरेनामध्ये अकरा हजारांहून अधिक श्रोत्यांसमोर तो बसला. मुख्य बँड होता ‘युराया हीप’, सोबत ‘मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँड’. रश सर्वांत आधी. नवा संच, पाठ होत असलेली गाणी, अर्धवट भरलेले सभागृह. त्यानंतरच्या महिन्यांत रशने ‘किस’सह अनेक बँडांच्या आधी वादन केले.

महत्त्वाचे हे, की दिवसातील उरलेल्या वेळाचे काय करायचे हा प्रश्न पिअर्टने आपल्या परीने सोडवला. तो वाचत असे आणि लिहीत असे. रशच्या गाण्यांचे शब्द लिहिण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लाय बाय नाईट’ या अल्बममधील बरेच लेखन याच भटकंतीत झाले. पुढे हा बँड स्वतःच मुख्य आकर्षण ठरला. १९९६ च्या दौऱ्यापासून तर रशने सलामीचा बँड ठेवणेच थांबवले आणि सबंध संध्याकाळ स्वतःच वाजवू लागला. पिअर्टचे ७ जानेवारी २०२० रोजी निधन झाले.

सलामीचा ड्रमर नेहमी उपेक्षितच असतो असे नव्हे. २६ डिसेंबर १९६८ रोजी डेन्व्हर येथे ‘लेड झेपेलिन’ने अमेरिकेतील आपली पहिली मैफल केली. तेव्हा त्यांचा पहिला अल्बम बाजारात आलेला नव्हता, म्हणजे श्रोत्यांना एकही गाणे ओळखीचे असण्याची शक्यता नव्हती. मुख्य बँड होता ‘व्हॅनिला फज’ आणि त्याचा ड्रमर कार्माइन अपिस. झेपेलिनच्या जॉन बॉनमचे वादन ऐकून अपिसने लुडविग कंपनीकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि बॉनमला आपल्यासारखाच, २६ इंची बास ड्रमचा संच मिळवून दिला. बॉनमच्या त्या भरदार पायाने पुढची काही वर्षे रॉकचा आवाजच बदलला. आपल्याआधी वाजवणाऱ्यात प्रतिस्पर्धी न पाहता वादक पाहणारा मुख्य ड्रमर भेटणे हे ज्याचे त्याचे नशीब.

उलट अनुभव मिच मिचेल या ड्रमरच्या वाट्याला आला. जुलै १९६७ मध्ये ‘जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स’ हा त्याचा बँड ‘मंकीज’च्या आधी वाजवीत होता. श्रोते बहुतांशी किशोरवयीन मुली, त्यांना मंकीज हवे होते. हेंड्रिक्सच्या गिटारीची आग आणि मिचेलचे जॅझच्या वळणाचे ड्रमवादन त्या आरडाओरड्यात वाहून गेले. थोड्याच मैफलींनंतर हा बँड दौऱ्यातून बाहेर पडला. वादन वाईट नव्हते, जुळणी वाईट होती. सलामीच्या बँडच्या यशापयशात ही जोडी लावणाऱ्याचा वाटा किती मोठा असतो, हे यातून दिसते.

भारतात हा प्रकार उशिरा आला, कारण परदेशी रॉक बँडच विरळा येत. १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राऊंड्सवर ‘आयर्न मेडन’ने वादन केले, तेव्हा सलामीला दिल्लीचा ‘परिक्रमा’ होता. त्याच वर्षी परिक्रमाला इंग्लंडच्या डाऊनलोड महोत्सवातही वाजवायला मिळाले. ३० ऑक्टोबर २०११ च्या ‘मेटॅलिका’च्या बंगळूर मैफलीआधी स्थानिक ‘इनर सँक्टम’ने सलामी दिली. मात्र त्याच्या दोनच दिवस आधीचा मेटॅलिकाचा गुडगावमधील कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, संतप्त जमावाने मोडतोड केली आणि तो रद्दच झाला. मुख्य बँड नाही म्हणजे सलामीही नाही. आपल्याकडे आणखी एक बंधन आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खुल्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला सामान्यतः मनाई आहे. संध्याकाळ सुरू व्हायला उशीर झाला, तर शेवटची वेळ पुढे सरकत नाही. कात्री कोठे लागते हे सांगायला नकोच.

अर्थकारण तर त्याहून रुक्ष आहे. सलामीच्या बँडला मिळणारे मानधन अनेकदा डिझेल आणि हॉटेलच्या खोलीपुरतेही नसते. काही मोठ्या दौऱ्यांत तर सलामीची जागा मिळवण्यासाठी बँडला किंवा त्याच्या कंपनीला पैसे मोजावे लागतात. भरपाई होते ती टी-शर्ट आणि ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून. त्यातही काही सभागृहे टक्केवारी घेतात आणि मुख्य बँडच्या टी-शर्टपेक्षा आपला टी-शर्ट स्वस्त विकू नये अशी अट कधी कधी घातली जाते. म्हणून घाम पुसून वीस मिनिटांत विक्रीच्या टेबलामागे उभा राहणारा माणूस ड्रमरच असू शकतो. आत्ताच टाळ्या वाजवलेला श्रोता त्याला ओळखतोच असे नाही. ड्रमर बसलेला असतो आणि झांजांमागे त्याचा चेहरा दिसत नाही.

या अर्ध्या तासाची शारीरिक किंमतही मोजली गेली आहे. ‘ब्लॉन्डी’ बँडचा ड्रमर क्लेम बर्क याच्यावर इंग्लंडमधील विद्यापीठीय संशोधकांनी काही वर्षे प्रयोग केले. २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वादनात त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० असत आणि १९० पर्यंत चढत. हे प्रमाण व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या तोडीचे. ब्लॉन्डीही १९७७ मध्ये इगी पॉपच्या अमेरिकी दौऱ्यात सलामीचाच बँड होता. बर्कचे एप्रिल २०२५ मध्ये निधन झाले. फुटबॉलपटूला सामन्याआधी मैदानावर अंग मोकळे करायला मिळते, सलामीचा ड्रमर मात्र जिन्याच्या पायरीवर किंवा सामानाच्या पेटीवर रबरी गादी ठेवून काठ्या चालवीत असतो. कानांचा प्रश्न तर कायमचा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, या अमेरिकी निकषाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. ड्रमरच्या आसनावर १०० डेसिबल ही किरकोळ गोष्ट आहे. त्यामुळे कानांत बोळे घालणे ही आता चैन राहिलेली नाही. १९७४ मध्ये मात्र त्याचा विचार फारसे कोणी करीत नसे.

आणि मग ते वादन. साडेसात वाजता सभागृहातील दिवे मंदावतात, पण अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. पाच किंवा सहा गाणी, मध्ये बोलणे जवळजवळ नाही. तिसाव्या मिनिटाला मंचाच्या कडेला उभा असलेला व्यवस्थापक घड्याळाकडे बोट दाखवतो. वेळ ओलांडली तर पुढच्या शहरात पाच गाण्यांची चार होतात. मुरलेला ड्रमर लय थोडी आवरून धरतो, कारण उत्साहात सगळाच बँड धावू लागतो आणि धावणारा बँड अनोळखी श्रोत्याला केवळ गोंगाट वाटतो.

शेवटचा ठोका पडल्यावर टाळ्या ओसरण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. संच जागेवर न सोडता आहे तसा उचलून आधी मंचाबाहेर न्यायचा आणि पडद्यामागे सावकाश खोलायचा. तोवर मुख्य बँडच्या चौथऱ्यावरचे काळे कापड निघालेले असते. झांजा पुसून पिशवीत, स्नेअर पेटीत, लोखंडी सांगाडे लांब पेटाऱ्यात. गाडीत बास ड्रम सर्वांत आत जातो. गालिचा सर्वांत शेवटी, दाराशी ठेवतात. उद्या तोच आधी काढायचा असतो.